शेंगदाण्याच्या ॲलर्जीवर त्वचेचा पॅच: नव्याने सुरुवात करणाऱ्या पालकांसाठी

माझी लेक चौदा महिन्यांची होती. जमिनीवर पडलेला शेंगदाण्याचा तुकडा तिने उचलून तोंडात टाकला आणि पाच-सात मिनिटांत तिचे ओठ सुजले, पोटा-पाठीवर गांधी उठल्या, मग खोकल्याची ढास लागली. दवाखान्यात ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिल्यावर ती सावरली. त्यानंतर वर्षभर आम्ही फक्त टाळत राहिलो. प्रत्येक पाकीट उलटसुलट करून वाचायचं, सगळ्यांना हात धुवायला लावायचे, कुणाच्या घरी जायचं म्हटलं की पोटात गोळा. ती अडीच वर्षांची असताना त्वचेवर लावायच्या पॅचच्या एका वैद्यकीय अभ्यासात तिला घेतलं.

पॅच दिसायला अगदी साधा असतो. पण तो रोज लावायचा, महिनोन्‌महिने लावायचा, आणि त्याच्याकडून नेमकी काय अपेक्षा ठेवायची हे आम्हाला सुरुवातीला कळलंच नव्हतं. ज्या गोष्टी आम्ही ठेचा खात शिकलो त्या तुम्हाला आधीच कळाव्यात म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. पॅच सुरू करणं, थांबवणं, कुठलंही औषध देणं, हे तुमच्या ॲलर्जीतज्ज्ञांना विचारूनच करा.

१. पॅच काय करतो आणि काय करत नाही

या पॅचचं नाव वायास्किन. डीबीव्ही टेक्नॉलॉजीज या फ्रेंच कंपनीने तो बनवला आहे. त्यात शेंगदाण्याचं २५० मायक्रोग्रॅम प्रथिन कोरड्या स्वरूपात असतं. एका शेंगदाण्यात साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम प्रथिन असतं. म्हणजे एका पॅचमध्ये एका दाण्याचा जेमतेम हजारावा भाग.

पॅच पाठीवर चिकटवला की त्याच्या मधल्या पोकळीत त्वचेतून निघणारी वाफ साठते. त्या ओलाव्याने कोरडं प्रथिन विरघळतं आणि त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात शिरतं. तिथे लँगरहान्स नावाच्या पहारेकरी पेशी ते उचलतात आणि जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत नेतात. रोज एवढंएवढंसं प्रथिन असं दाखवत राहिलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला शत्रू मानायचं हळूहळू कमी करते. प्रथिन रक्तात फारसं उतरत नाही, त्यामुळे खाऊन घ्यायच्या उपचारांपेक्षा अंगभर होणाऱ्या प्रतिक्रिया कमी दिसतात.

माझ्या डोक्यात एक प्रश्न बरेच दिवस अडकला होता. एक्झिमामुळे (त्वचा कोरडी पडून खाजण्याच्या आजारामुळे) त्वचा फुटलेली असेल तर त्या फटींतून शेंगदाण्याचे कण शिरून ॲलर्जी तयार होऊ शकते, असं आम्हाला सांगितलं होतं. मग त्वचेतूनच ती कमी कशी होणार? फरक त्वचेच्या स्थितीत आहे. फुटलेली, सुजलेली त्वचा आधीच धोक्याचे इशारे देत असते. अशा वेळी समोर आलेलं प्रथिनही शरीर धोक्याच्या यादीत टाकतं. धडधाकट, शांत त्वचेतून तेच प्रथिन अगदी थोडं आणि रोज आलं, तर शरीर त्याला सहन करायला शिकतं. म्हणून पॅच कधीच एक्झिमाच्या चट्ट्यावर, ओरखड्यावर किंवा पुरळावर लावायचा नाही. आणि म्हणूनच घरी शेंगदाणा वाटून त्याचा लेप लावण्याचा विचारही मनात आणू नका. त्यात किती प्रथिन आहे ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

आता आकडे. १ ते ३ वर्षांच्या ३६२ मुलांचा एपिटोप नावाचा अभ्यास २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. वर्षभर पॅच लावलेल्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांची शेंगदाणा सहन करायची शक्ती ठरवलेल्या पातळीपर्यंत वाढली होती. औषध नसलेला हुबेहूब पॅच लावलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण ३३.५ टक्के होतं. ४ ते ११ वर्षांच्या मुलांचा पेपाइट्स हा अभ्यास २०१९ मध्ये जामा या नियतकालिकात आला होता. त्यात हेच आकडे ३५.३ आणि १३.६ टक्के होते. फरक दिसला, पण आधी ठरवलेल्या कठोर निकषात तो बसला नाही. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, मोठ्या मुलांसाठी मान्यता दिली नाही. पॅच त्वचेला नीट चिकटून राहतो का, हा त्यांचा एक मुख्य प्रश्न होता. त्यानंतर ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी बदललेला पॅच घेऊन व्हिटेस हा नवा अभ्यास झाला.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की लहान वयात परिणाम जास्त दिसतो आणि चिकटणं ही किरकोळ बाब नाही. पातळी वाढली म्हणजे मूल शेंगदाणे खायला मोकळं झालं असं मात्र अजिबात नाही. पॅचचा उपयोग चुकून पोटात गेलेल्या कणाने जिवावर बेतू नये यासाठी आहे. टाळणं चालूच राहतं.

२. निदान पक्कं आहे ना, ते आधी बघा

रक्तातली किंवा त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे ॲलर्जी आहेच असं नसतं. काही मुलांच्या रक्तात शेंगदाण्याविरुद्धची आयजीई प्रतिपिंडं (ॲलर्जीशी संबंधित रक्तातली प्रथिनं) सापडतात, पण ती मुलं शेंगदाणा आरामात खातात. म्हणून तज्ज्ञ आधी सगळा इतिहास विचारतात: किती खाल्लं, किती वेळात त्रास झाला, काय काय झालं. मग त्वचेवर टोचून बघायची चाचणी, रक्तातली आयजीई आणि शक्य असेल तर शेंगदाण्यातल्या अरा एच २ या विशिष्ट प्रथिनाविरुद्धची आयजीई. शंका उरली तर देखरेखीखाली खाऊन पाहण्याची चाचणी.

नावांचा एक गोंधळ हमखास होतो. ‘पॅच टेस्ट’ आणि ‘पॅच उपचार’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पॅच टेस्ट ही स्पर्शाने उशिरा उठणाऱ्या पुरळाचं कारण शोधायची चाचणी असते. आमच्या एका नातेवाइकांनी ‘ती पॅच टेस्ट आमच्याकडे पण झालीय’ म्हणून खूप सल्ले दिले, ते सगळे भलत्याच गोष्टीबद्दल होते.

३. पर्याय समोर मांडून बोला

पॅच हा एकच रस्ता नाही. खाऊन घ्यायच्या उपचारात शेंगदाण्याचं मोजलेलं पीठ रोज, वाढत्या प्रमाणात देतात. त्यातलं पालफोर्झिया हे उत्पादन अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये ४ ते १७ वर्षांसाठी मान्य झालं आणि नंतर १ ते ३ वर्षांसाठीही. त्याचा परिणाम पॅचपेक्षा जोरकस असतो, पण पोटदुखी, उलट्या आणि अंगभर प्रतिक्रिया जास्त होतात. डोस घेतल्यावर काही वेळ धावपळही टाळावी लागते. ओमालिझुमॅब हे इंजेक्शन फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत १ वर्षावरील मुलांच्या अन्न-ॲलर्जीसाठी मान्य झालं. ते दर दोन किंवा चार आठवड्यांनी टोचतात. फक्त टाळणं आणि ॲड्रेनॅलिन जवळ ठेवणं हाही पूर्ण वैद्यकीय पर्याय आहे, त्यात कमीपणा नाही.

आम्ही पॅच निवडला कारण आमची मुलगी चव आवडली नाही की तोंड घट्ट मिटून बसायची. रोज तिला काही खायला लावणं म्हणजे रोजची लढाई झाली असती. तुमचं मूल आणि तुमचं घर वेगळं असेल.

४. दाखल होण्याआधीचे कागद आणि प्रश्न

पॅच घराजवळच्या औषधाच्या दुकानात जाऊन मागायची वस्तू नाही. आम्हाला तो अभ्यासातूनच मिळाला. तुमच्या मुलाच्या वयासाठी तुमच्या देशात त्याला मान्यता आहे का, की जवळपास एखादा अभ्यास चालू आहे, हे पहिल्याच भेटीत विचारा. चालू अभ्यासांची यादी क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या अमेरिकेच्या सरकारी नोंदणीत पाहता येते. तिथे वयाची अट आणि केंद्रांची नावं दिलेली असतात. कुणी पैसे घेऊन ‘घरपोच पॅच’ देतो म्हणालं तर तिथेच थांबा.

जाताना एका फाइलमध्ये हे ठेवा:

- पहिल्या प्रतिक्रियेची तारीख, काय खाल्लं, किती, किती मिनिटांत काय झालं, काय उपचार केले. आठवणीतून नको, जमेल तितक्या लवकर लिहून काढलेलं.
- आयजीई आणि त्वचा चाचणीचे सगळे रिपोर्ट, जुने सुद्धा.
- लसीकरणाचं कार्ड आणि वजन-उंचीच्या नोंदी.
- चालू औषधांची यादी. खाजेवरचं सिरप, एक्झिमाची मलमं, श्वासाचा पंप, सगळं.
- दमा किंवा घरघर असेल तर गेल्या वर्षभरातल्या त्रासाच्या नोंदी. दमा आटोक्यात नसेल तर बहुतेक ठिकाणी थांबायला सांगतात.
- चिकटपट्टी किंवा प्लास्टरने त्वचेला त्रास होत असेल तर त्याची नोंद, फोटो असल्यास उत्तम.

अभ्यासात जाताय तर संमतीपत्र घरी आणून वाचा. आमचं वीसेक पानांचं होतं. नवऱ्याने आणि मी दोन रात्री बसून वाचलं, शेजारी पेन घेऊन. कळलं नाही तिथे खूण केली आणि पुढच्या भेटीत एकेक खूण विचारली. कुणी घाई केली नाही. घाई केली असती तर मी सही केली नसती.

विचारायचे प्रश्न:

- मुलाला औषधाचा पॅच मिळेल की नुसता, म्हणजे औषध नसलेला? एपिटोपमध्ये दर तीन मुलांपैकी दोघांना औषधाचा आणि एकाला नुसता पॅच मिळत होता. आपल्याला कुठला मिळाला हे शेवटपर्यंत ना पालकांना सांगतात, ना डॉक्टरांना.
- नुसता पॅच मिळाला असेल तर अभ्यास संपल्यावर खरा मिळणार का?
- रात्री-बेरात्री कुणाला फोन करायचा?
- पॅच मध्येच निघाला, किंवा एक दिवस राहून गेला, तर काय?
- आपण मधूनच बाहेर पडलो तर?

शेवटचा प्रश्न विचारायला मला संकोच वाटला होता. विचारा. तुम्हाला कधीही बाहेर पडायचा हक्क आहे आणि त्यामुळे मुलाचे बाकीचे उपचार थांबत नाहीत.

५. खाऊन पाहण्याची पहिली चाचणी

पालकांना सगळ्यात जास्त भीती याच दिवसाची असते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चाचणी दोन वेगवेगळ्या दिवशी होते. एका दिवशीच्या पदार्थात शेंगदाण्याचं प्रथिन असतं, दुसऱ्या दिवशीच्या पदार्थात नसतं. कुठला दिवस कोणता, ते कुणालाच सांगत नाहीत. पहिला घास १ मिलिग्रॅम प्रथिनाचा, मग ३, १०, ३०, १००, ३००, असं वाढवत नेतात. दोन घासांमध्ये ठरावीक वेळ थांबतात आणि दर वेळी अंग, श्वास, नाडी तपासतात. ठळक लक्षण दिसलं की तिथेच थांबवून उपचार करतात.

आमच्या लेकीसमोर झाकण लावलेल्या छोट्या वाट्या ओळीने ठेवल्या होत्या. चौथ्या वाटीपर्यंत ती खेळत होती. पाचव्या वाटीनंतर तिने कान खाजवला. नर्सने लगेच तिचा फ्रॉक वर करून पोट पाहिलं. तिथे एक छोटी गांध होती, मग तीन, मग मोजता येईनात. लेक माझ्या मांडीत चढली आणि एकदम गप्प झाली. लहान मूल अचानक शांत होतं, कुशीत शिरतं, हेही लक्षण असतं हे मला त्या दिवशी कळलं. ॲड्रेनॅलिन दिलं, वीस मिनिटांत रंग परत आला. तिची सुरुवातीची पातळी (ज्या मात्रेवर त्रास झाला ती) ठरली १०० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण एक तृतीयांश दाणा.

तयारीसाठी काही गोष्टी:

- खाजेवरची, सर्दीवरची औषधं काही दिवस आधी बंद करावी लागतात, नाहीतर लक्षणं झाकली जातात. नेमके किती दिवस ते विचारून कॅलेंडरवर लिहा. आमची एक तारीख एका सर्दीच्या सिरपपायी पुढे गेली, कारण त्यातही तेच औषध होतं हे आम्ही वाचलंच नव्हतं.
- ताप, खोकला, जुलाब असेल तर फोन करून तारीख बदला. आजारपणात प्रतिक्रिया जास्त जोरात येते.
- अख्खा दिवस मोकळा ठेवा. कपड्यांचे दोन जोड, आवडतं खेळणं, आणि शक्य असेल तर दोन मोठी माणसं. एकाने मुलाला धरायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि लिहायचं.
- मुलाला खोटं सांगू नका. ‘काही होणार नाही’ ऐवजी ‘काही झालं तर इथले डॉक्टर लगेच औषध देतील’ असं सांगा.

६. पहिला पॅच

पहिला पॅच केंद्रातच लावतात आणि काही तास तिथेच थांबवून घेतात. सुरुवातीचे काही आठवडे तो दिवसातले थोडेच तास ठेवायचा असतो, मग तास वाढवत २४ तासांवर नेतात. तुमच्या तक्त्यात लिहिलंय तेवढंच. ‘काही होत नाहीये, जरा जास्त वेळ ठेवू’ असं करू नका.

७. रोजचा पॅच: हाताला वळण लागेपर्यंत

जागा ठरलेली: पाठीचा वरचा भाग, दोन्ही फऱ्यांच्या मध्ये. लहान मुलाचा हात तिथे सहसा पोचत नाही, म्हणूनच ती जागा. रोज त्याच ठिकाणी लावायचा नाही. आम्ही पाठीचे सहा चौकोन कल्पून फ्रिजवर एक चित्र लावलं होतं, आज कुठला चौकोन त्यावर खूण.

आमचा क्रम असा बसला:

पहिलं, अंघोळीआधी जुना पॅच काढायचा. काढताना एका हाताने त्वचा ताणून धरायची आणि दुसऱ्या हाताने कडेपासून सावकाश सोडवायचा. चिकट बाजू आत घेऊन घडी घालायची आणि झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची. त्यात अजून शेंगदाण्याचं प्रथिन असतं. घरात ॲलर्जी असलेलं दुसरं मूल असेल, किंवा रांगणारं बाळ असेल, तर हे विसरून चालत नाही.

मग अंघोळ. पाठीला तेल, लोशन, मलम काहीही नाही. पॅच न चिकटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. एक्झिमा असलेल्या मुलांना तर मलम लागतंच, तेव्हा ते पाठीचा तो पट्टा सोडून लावायचं, किंवा वेळ वेगळी ठेवायची. अंघोळीनंतर टॉवेलने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. मग पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं, कारण कोरडी दिसणारी त्वचाही अंघोळीनंतर थोडी दमट असते.

नंतर उजेडात पाठ बघायची. आजच्या चौकोनात लाली उरलीय का, ओरखडा आहे का? असेल तर पुढचा चौकोन.

मग हात धुवून पाकीट फाडायचं. पाकिटावरची तारीख बघायची. पॅचच्या मधल्या भागाला बोट लावायचं नाही. मुलाला किंचित पुढे वाकवायचं म्हणजे पाठ ताणली जाते, मग पॅच ठेवायचा आणि कडेने अंगठ्याने गोल गोल दाबत यायचं. मधोमध दाबायचं नाही. माझ्या अंगठ्याची ऊब लागली की कडा बसल्याचं हाताला समजायचं. शेवटी पुन्हा हात धुवायचे, आपले आणि मुलाने हात लावला असेल तर त्याचेही. डोळ्याला हात गेला तर डोळा सुजून येतो. आमच्याकडे एकदा झालं.

रिकामी पाकिटं टाकू नका, अभ्यासात ती मोजून परत घेतात. साठवण कशी करायची ते पाकिटावर आणि सूचनांत लिहिलेलं असतं, त्यात आपलं डोकं चालवायचं नाही.

पॅच कापून अर्धा लावणं, काल राहिला म्हणून आज दोन लावणं, निघालेला पॅच टेपने पुन्हा चिकटवणं, हे कधीही नाही. निघाला तर वेळ लिहून ठेवा आणि तुम्हाला दिलेल्या लेखी सूचनेप्रमाणे करा.

पहिल्या महिन्यात आम्हाला याला पाऊण तास लागायचा. रडारड, पळापळ. मग तिच्या बाहुलीच्या पाठीवर आधी कागदाचा पॅच लावायचा नियम केला, आणि दहा मिनिटांत काम व्हायला लागलं.

८. लाली आणि खाज: कुठपर्यंत ठीक

पॅचखाली लाली, खाज, बारीक पुरळ येणारच. एपिटोपमध्ये ते जवळजवळ प्रत्येक मुलाला झालं, नुसता पॅच लावलेल्यांनाही. आमच्या लेकीच्या पाठीवर आठवडाभराचे गुलाबी चौकोन असे ओळीने दिसायचे की कालचा, परवाचा, तेरवाचा ओळखता यायचा. तीन-चार महिन्यांनी ते फिके पडत गेले.

लाली जास्त म्हणजे औषध लागू पडतंय, किंवा लाली कमी म्हणजे नुसता पॅच मिळालाय, असे अंदाज बांधत मी कित्येक रात्री घालवल्या. त्यातून काहीच कळत नाही.

रोज एकाच जागी उभं करून, एकाच उजेडात फोटो काढा. पॅच काढल्यानंतरच्या लालीवर मलम लावायचं असेल तर कुठलं, किती दिवस, ते विचारा, आणि ते उद्याच्या चौकोनापर्यंत पसरू देऊ नका.

केंद्राला त्याच दिवशी फोन करायचा तो अशा वेळी: पाणी भरलेले फोड आले, त्वचा ओली झाली, लाली पॅचच्या बाहेर दूरवर पसरली, किंवा खाजेने मूल रात्रभर झोपलं नाही.

थांबायचंच नाही ते अशा वेळी: पॅचपासून लांब अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, सतत खोकला, घरघर, पुन्हा पुन्हा उलट्या, मूल मलूल होणं. मग पॅच काढा आणि पुढच्या मुद्द्यातलं सगळं करा. हे दुर्मीळ आहे, पण होतं. एपिटोपमध्ये पॅचमुळे झालेला ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतू शकणारी अंगभर प्रतिक्रिया) १.६ टक्के मुलांमध्ये नोंदला गेला.

९. ॲड्रेनॅलिन कायम सोबत

पॅच चालू आहे म्हणून इंजेक्शन घरी सोडून बाहेर पडायचं नाही. उलट दोन सोबत ठेवा, कारण पहिल्याने आराम पडला नाही तर ५ ते १५ मिनिटांत दुसरं द्यावं लागू शकतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, कपड्यांवरूनही चालतं. मुलाला आडवं ठेवा. श्वासाला त्रास असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. ॲम्ब्युलन्स बोलवा, बरं वाटलं तरी.

खाजेवरचं सिरप ॲड्रेनॅलिनच्या जागी चालत नाही. त्याने गांधी कमी होतात, श्वास मोकळा होत नाही. आधी सिरप देऊन वाट बघण्यात जो वेळ जातो तो फार महागात पडतो.

इंजेक्शनची मात्रा वजनावर ठरते. मूल वाढलं की ती बदलते, म्हणून प्रत्येक भेटीत विचारा. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. मुदत संपायची तारीख फोनमध्ये आठवण म्हणून लावा. सरावाची सुई नसलेली नळी मिळते, ती घेऊन आजी-आजोबांसकट घरातल्या प्रत्येकाकडून महिन्यातून एकदा करून घ्या.

१०. पाळणाघर आणि शाळा

एक पान पुरे: मुलाचा फोटो, ॲलर्जी कशाची, लक्षणं, काय करायचं, कुणाला फोन. त्यात पॅचबद्दल तीन ओळी लिहा. पाठीवर पॅच आहे, तो काढायचा नाही. निघाला तर पिशवीत घालून ठेवा, हात धुवा, आम्हाला कळवा. आमच्या पाळणाघरातल्या ताईंना आधी वाटलं होतं की पॅच आहे म्हणजे आता शेंगदाणा चालतो. हे तोंडी सांगून भागत नाही, ठळक लिहा: ‘शेंगदाणा अजूनही पूर्ण बंद.’

११. वर्षअखेरची चाचणी आणि पुढे

बारा महिन्यांनी पुन्हा त्याच वाट्या, या वेळी पुढे १००० आणि २००० मिलिग्रॅमपर्यंत. आमच्या लेकीने ३०० मिलिग्रॅम पचवले आणि १००० वर तिला त्रास झाला. १०० वरून १००० वर. मी रडले, नर्सही रडली. पण ती पातळी दवाखान्यातल्या शांत खोलीत, निरोगी दिवशी मोजलेली आहे. ताप, अपुरी झोप, खूप धावपळ यांनी ती खाली घसरते. म्हणून ‘तिला आता एक दाणा चालतो’ असं आम्ही कुणालाही सांगत नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

काही मुलांची पातळी वर्षभरात हलत नाही. त्यात पालकांची चूक नसते. एक-दोन पॅच राहिले म्हणून असं झालं का, हा विचार मनातून काढून टाका. तज्ज्ञांशी बसून बाकीच्या पर्यायांवर बोला, किंवा पॅच चालू ठेवायचा का ते विचारा, कारण पहिल्या वर्षानंतरही पॅच लावत राहिलेल्या लहान मुलांमध्ये परिणाम पुढे वाढत गेल्याचं दिसलं आहे. मनाने पॅच बंद मात्र करू नका.

अभ्यास संपताना हे कागद मागून घ्या: सुरुवातीच्या आणि शेवटच्या चाचणीची पातळी मिलिग्रॅममध्ये, मिळालेला पॅच औषधाचा होता की नुसता, पहिल्या आणि शेवटच्या पॅचची तारीख, झालेल्या प्रतिक्रियांची यादी, दोन्ही वेळचे आयजीईचे आकडे. औषधाचा की नुसता ही माहिती कधीकधी सगळ्या मुलांचा अभ्यास संपल्यावरच देतात, तेव्हा ती कोण आणि केव्हा कळवणार हे नाव-नंबरासह लिहून घ्या. पुढचा कुठलाही डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतो.